तालावरचा होकार

आदेलिनोला कुणी ‘पाय तपासून घे’ म्हटलं की त्याला हसू यायचं. दोरू नदीकाठच्या त्या अख्ख्या डोंगरउतारावर पायांसाठी नावाजलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, असं त्याचं मत होतं. खरं सांगायचं तर गावाचंही तेच मत होतं, फक्त गाव ते त्याच्या तोंडावर बोलत नसे, कारण तो आधीच फुगलेला होता.

द्राक्षं तुडवायच्या दगडी हौदात पुढच्या रांगेत मधोमध उभं राहायचं आणि “एक... दोन! डावा... उजवा!” अशी हाळी द्यायची, हे त्याचं काम. मांडीपर्यंत द्राक्षांत रुतलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून त्या हाळीवर पाय उचलत आणि त्याच हाळीवर टाकत. पहिले दोन तास नुसती हाळी चालायची. अकॉर्डियन, नाचणं, थट्टामस्करी हे सगळं त्यानंतर. हाळीचा मान आदेलिनोकडे सासऱ्याकडून आला होता, आणि सासऱ्याने सख्खा मुलगा बाजूला ठेवून तो जावयाला दिला होता. त्या मुलाचं नाव झेफिरिनो. त्याच्या पायाला ताल म्हणून नव्हताच. रांगेत सगळ्यांचे डावे पाय पडायचे तेव्हा याचा पाय विचार करत असायचा.

“ताल गळ्यात नसतो,” आदेलिनो सांगायचा, “तळव्यात असतो. खाली फळ कुठे फुटलंय, कुठे अख्खं राहिलंय, ते तळवा वर कळवतो, तेव्हा गळा बोलतो. काठावर उभं राहून हाळी देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.” पलीकडच्या मळ्यात तसा एक काठावरचा हाळीवाला होता. त्याच्याबद्दल आदेलिनो जे बोलायचा ते इथे न लिहिलेलं बरं.

साखरेचा आजार त्याला बरीच वर्षं होता. गोळ्या घ्यायचा, वर्षातून एकदा दवाखान्यात पाय दाखवून यायचा, बायकोचा डोळा चुकवून अंड्याच्या गोड वड्याही खायचा. यंदा मात्र मळ्याच्या व्यवस्थापकाने नवा नियम काढला. ज्यांना साखर आहे त्यांनी दवाखान्यातून पायांची चिठ्ठी आणायची, नाहीतर हौदात उतरायचं नाही. मागच्या साली कुठल्याशा मळ्यात एक जण हौदातून बाहेर आला तो पाय फाटूनच, आणि त्याला स्वतःला ते घरी जाऊन मोजे काढेपर्यंत कळलं नव्हतं म्हणे.

“त्याला कळलं नाही म्हणून आम्ही चिठ्ठ्या आणायच्या?” आदेलिनो कुरकुरला. पण हौद त्याच संध्याकाळी भरणार होता, म्हणून सकाळीच दवाखान्यात गेला.

दवाखान्यातली सिस्टर फिलोमेना गावातलीच. तिची आई आदेलिनोच्या रांगेत पाय टाकत म्हातारी झाली होती. लहानपणी फिलोमेना हौदाशेजारच्या पोत्यांवर झोपायची ती याच्याच हाळीवर. बाकीचं गाव तिला सिस्टर म्हणे, आदेलिनो मात्र फिलोच म्हणायचा.

“डोळे मिटा, काका. दोरा टेकला की ‘हो’ म्हणा.”

हा दोरा म्हणजे पेनाएवढ्या दांडीला लावलेला नायलॉनचा ताठ तुकडा. तळव्यावर ठेवायचा आणि जरासा वाकेपर्यंत दाबायचा. ज्याला कळलं त्याच्या पायात जाण आहे, ज्याला नाही कळलं त्याचा पाय बहिरा झाला.

“हो,” आदेलिनो म्हणाला. “हो. हो. हो.” खुर्चीत ऐसपैस रेलून, मिटल्या डोळ्यांनी, हौदातल्यासारखाच. एकही होकार चुकला नाही.

“दरवर्षीसारखं, पैकीच्या पैकी,” फिलोमेना म्हणाली. मग तिने अंगठ्यामागचा जाड घट्टा बोटाने दाबून पाहिला. घट्टा काळपट दिसत होता, पण त्या दिवसांत गावात कुणाचा तळवा काळपट नव्हता? घरोघरच्या छोट्या हौदांतली तुडवणी नुकतीच झाली होती आणि द्राक्षाचा रंग पायावरून नाताळपर्यंत जात नाही. “रंग उतरला की या, घट्टा खरवडून देते,” म्हणत तिने चिठ्ठी लिहिली.

चिठ्ठी खिशात घालून आदेलिनो घरी आला तर झेफिरिनो स्वयंपाकघरात तोंड पाडून बसला होता (साखर त्यालाही होती), आणि आदेलिनोची बायको ग्रासिएत कोबीच्या पानांचं सूप ढवळत भावाची समजूत घालत होती.

“नापास!” झेफिरिनो म्हणाला. “कालच गेलो होतो. अर्ध्याअधिक वेळा मला कळलंच नाही म्हणे. भावोजी, आता मी हौदात नाही उतरायचं. या वयात काठावर बसून बायकांचे टॉवेल सांभाळू?”

“तू हौदात असलास काय आणि नसलास काय,” आदेलिनो म्हणाला. पण मेव्हण्याचा चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं. “अरे, तुला ताल कळत नाही, तीच गोम आहे. फिलोचा हात ठरल्या वेळी पडतो. एक, दोन, हो. एक, दोन, हो. कान दे, जमेल.”

“म्हणजे लबाडी?”

“लबाडी कसली? मला लागतंच ना! कधी लागणार ते ठाऊक असलं की लक्ष जागेवर राहतं, एवढंच. अगं ग्रासिएत, झाडूची एक काडी घे आणि माझ्या पायाला लाव. बघू दे याला कसं करायचं ते.”

“माझं सूप उतू जाईल.”

“दोन मिनिटं गं.”

त्याने बूट-मोजे काढले, पाय स्टुलावर ठेवले आणि डोळे मिटले. ग्रासिएतने काडी उचलली. ती याच घरात, याच्याच हाळीवर वर्षानुवर्षं वावरलेली बाई. कणीक मळायची तर तालात, कपडे आपटायची तर तालात. काडी टेकू लागली तीही तालातच.

“हो,” आदेलिनो म्हणाला. “हो. बघतोयस ना? हो. हो. नुसतं बसायचं, गडबड नाही करायची. हो. हो. अगं, जरा जोरात दाब, त्याला दिसू तरी दे. हो. हो.”

झेफिरिनो फिस्सकन हसला.

“हसतोस काय? हो. हो.”

“अरे, मी इकडे आहे,” ग्रासिएतचा आवाज चुलीकडून आला.

आदेलिनोने डोळे उघडले. ती पातेल्यावरचं झाकण काढून फेस फुंकत होती, आणि काडी टेबलावर पावाच्या तुकड्यांत पडलेली होती. झेफिरिनो हसून हसून खोकत होता. तो खोकत राहिला, मग थांबला, कारण त्याच्याशिवाय कुणीच हसत नव्हतं.

“कधी गेलीस तू?”

“सूप वर आलं तेव्हाच.”

“मग सांगायचं नाही?”

“मला वाटलं, थट्टा करतोयस.”

आदेलिनोने घसा खाकरला. “परत लाव. आता नीट लाव. आणि तुझ्या त्या पातेल्याला म्हणावं गप्प बस.”

त्याने डोळे गच्च मिटले. पातेलं खाली उतरलं होतं, झेफिरिनो श्वास रोखून बसला होता. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चढ चढत होता, तोही लांब गेला. आदेलिनोने सगळं लक्ष तळव्यांत गोळा केलं. तो वाट बघत राहिला. बराच वेळ वाट बघितली.

“कर की सुरू.”

“माझं झालं,” ग्रासिएत म्हणाली. “दोन्ही पाय झाले.”

ती हे फार हळू बोलली, आणि त्याला त्या हळू बोलण्याचीच भीती वाटली. भांडखोर बाई हळू बोलू लागली की समजावं, गोष्ट साधी नाही. तिने काही न विचारता लिंबू चिरलं, कोमट पाणी घेतलं आणि त्याचा उजवा तळवा मांडीवर घेऊन चोळू लागली. जांभळा रंग थोडाथोडा उतरला. अंगठ्यामागच्या घट्ट्याखालचा काळा ठिपका मात्र तसाच राहिला.

“हा डाग द्राक्षाचा नाही.”

“चिठ्ठी तर आहे ना खिशात?” झेफिरिनो चाचरत म्हणाला. “आजचा दिवस उतर. उद्याचं उद्या. घरातली गोष्ट घरात राहील, मी कुणाला सांगतोय?”

आदेलिनोच्या मनात तेच आलं होतं. खोटं का बोला? चिठ्ठी खरी होती, सही खरी होती, हौद संध्याकाळी भरणार होता आणि त्याच्याशिवाय पहिला पाय कुणी टाकणार नव्हतं. पण त्याला दुसरंच काही खात होतं. तळवा वर कळवतो, असं तो जगाला सांगत आला होता. गेली किती वर्षं खालून काहीच कळवलं जात नव्हतं, आणि तो वर बेधडक बोलत होता. आपण कुणाला फसवलं नाही, आपणच फसलो, हे त्याला कळलं आणि त्याचा संताप संताप झाला.

“बूट दे,” तो ग्रासिएतला म्हणाला. ती बूट उलटा करून झटकून देत होती, तर आतून छाटणीच्या कात्रीची स्प्रिंग पडली. ती स्प्रिंग आदेलिनो सकाळपासून शोधत होता.

दवाखान्यात फिलोमेनाने सगळं ऐकून घेतलं. घट्टा पातळ पातळ सोलून काढला तेव्हा खाली जुनं, काळं पडलेलं रक्त निघालं. त्याच्याखालची कातडी अजून शाबूत होती.

“वेळेवर आलात, काका. आज हौदात उतरला असता तर एखाद्या देठाने हे फाडलं असतं, आणि तुम्ही वर ‘एक, दोन’ करत राहिला असता. आता मलम, पट्टी, आणि मी सांगेन तेव्हाच बूट. अनवाणी एक पाऊल नाही. पाय रोज कुणीतरी बघायचा. तुम्ही नाही, तुमचा तुमच्या पायावर भरवसा नको.”

“आणि हौद?”

“हौद नाही.”

“यंदा नाही?”

“कधीच नाही, काका.”

ती हे खाली बघत म्हणाली नाही, सरळ डोळ्यांत बघून म्हणाली. त्याबद्दल त्याला तिचा राग आला आणि बरंही वाटलं. मग तीच स्टुलावर बसली.

“चूक माझी आहे. दोरा तालात टेकवायचाच नसतो. मधे थांबायचं, कधी न टेकवताच विचारायचं, असं शिकवलंय आम्हाला. मला वाटायचं, मी तसंच करते. पण माझा हात...” तिने हात हवेत धरला आणि नकळत खाली-वर हलवला. तीच चाल. “तुमच्याच हाळीवर झोपले ना मी.”

दोघंही त्या हाताकडे बघत राहिले. मग तिने हात एकदम खाली घेतला.

“काका, तुमच्या रांगेतले साखरवाले सगळे मीच तपासलेत. सगळे पास. एकटा झेफिरिनो नापास.”

“कारण तो बेताल आहे,” आदेलिनो सावकाश म्हणाला. “बाकीच्यांना मी तयार केलंय.” रेमेदियुशच्या चर्चमधल्या माउलीचं नाव घेऊन त्याने कपाळावर हात मारला. सासऱ्याने ज्या पोराला बिनकामाचा म्हणून बाजूला ठेवलं, तेवढाच एक खरं बोलला होता.

“हौद भरायच्या आत सगळ्यांना पुन्हा तपासते,” फिलोमेना उठली. “पण हात परत तालात गेला तर?”

“जाणारच. हात तुझा, ताल माझा. मी तुझ्यासमोर उभा राहतो. बोट उचलीन तेव्हा टेकव, नाही उचललं तर नको टेकवू.”

“तुम्हाला जमेल? ताल सोडून?”

“पोरी,” आदेलिनो म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याचा नेहमीचा रुबाब परत आला, “ताल मोडायचा कुठे, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?”

दुपार कलताना मळ्याच्या कोठारात माणसं जमली. हौद भरत आला होता, पाय धुवायला नळी सोडली होती. आदेलिनो पट्टी बांधून, कापडी जोडा घालून आला तसा एकदम गलका झाला. त्याने तो हाळीच्या आवाजात मोडून काढला.

“माझे पाय बहिरे आहेत. कधीपासून, ते माझं मलाही ठाऊक नाही. ज्यांना ज्यांना साखर आहे त्यांनी त्या बाकावर बसा, पुन्हा तपासणी आहे.”

“आम्ही पास आहोत!” ज्युव्हेनाल ओरडला. हा बैलासारखा गडी, आदेलिनोच्या डाव्या हाताला कायम तोच उभा राहायचा.

“मीही पासच होतो. बस.”

“तुझं गेलं म्हणून आमचंही घालवतोस काय?”

“हो,” आदेलिनो म्हणाला. “बस खाली.”

ज्युव्हेनाल चरफडत बसला आणि डोळे मिटले. फिलोमेनाने दोरा घेतला आणि आदेलिनोच्या बोटाकडे नजर लावली. बोट वर गेलं. दोरा टेकला. “हो.” बोट पुन्हा वर गेलं. “हो.” मग बोट खाली राहिलं. तरीही बाकावरून ठणठणीत आवाज आला, “हो.” नंतर बोट भलत्याच वेळी वर गेलं. दोरा टेकला, वाकला. ज्युव्हेनाल गप्प. बोट खाली. “हो!”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. ज्युव्हेनालने डोळे उघडले, सगळ्यांची तोंडं बघितली, आणि त्याचा तो आडदांड चेहरा लहान मुलासारखा झाला. आदेलिनो त्याच्याशेजारी जाऊन बसला. याला या जागेवर आपणच उभा केला आणि आज आपणच उठवतोय, याचं त्याला फार वाईट वाटत होतं, आणि ते त्याने लपवलंही नाही.

“किती दिवस?” ज्युव्हेनालने विचारलं.

“हौदाचं विचारू नकोस. पायांचं म्हणशील तर, रोज बघत राहिलं की पुरतात म्हणे जन्मभर.”

आणखी दोघं तशीच नापास झाली. शेवटी बेल्मिरा बसली. गावातली पावाची भट्टी तिची, आवाज भट्टीपेक्षा तापट. पहिल्या टेकण्यालाच ती ओरडली, “हो!” दुसऱ्याला, “हो!” मग आदेलिनोने बोट मुद्दाम खाली ठेवलं, बराच वेळ ठेवलं.

“काय गं सिस्टर, झोप लागली का?” बेल्मिरा म्हणाली. “टोचायचं तर टोच, नाहीतर सोड मला. पाय गार पडले.”

फिलोमेनाला हसू आवरेना. तिने आणखी पुष्कळ वेळा तपासलं, वेडंवाकडं, मधेच, करंगळीखाली, टाचेजवळ. बेल्मिराचा एकही होकार फुकट गेला नाही.

“हिचे पाय जागे आहेत,” फिलोमेनाने सांगितलं.

व्यवस्थापक घड्याळ बघत होता. फळ वाट बघत नाही, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक. “मग हाळी कोण देणार? आदेलिनो, तुम्ही काठावरून द्या ना. काय फरक पडतो?”

सगळ्यांनी आदेलिनोकडे बघितलं. पलीकडच्या मळ्यातल्या त्या हाळीवाल्याबद्दल आदेलिनो काय काय बोलला होता ते प्रत्येकाला पाठ होतं. कुणीही त्याला आज ते ऐकवलं नसतं. त्याने हो म्हटलं असतं तर सगळे उलट खूश झाले असते. त्याचा गळा तर शाबूत होता.

“फरक पडतो,” तो म्हणाला. “खालचं ज्याला कळतं त्यानेच बोलायचं. बेल्मिरा, मधे उभी राहा.”

“मी? बाईमाणूस? आजवर कधी...”

“आजवर कधी नाही. एरवी कुणाला बोलू देत नाहीस, आज बरी लाजतेस! धू पाय.”

बेल्मिराने त्याच्याकडे एकदा बघितलं, मग पाय धुतले आणि हौदात उतरली. रांग जुळली, खांद्यांवर हात पडले. आदेलिनोच्या डावीकडची जागा रिकामी होती ती दुसऱ्याने भरली, त्याची स्वतःची बेल्मिराने. झेफिरिनो टॉवेलांचा ढीग घेऊन बाकावर आला आणि भावोजींना सरकून जागा दिली. पलीकडे ज्युव्हेनाल हाताची घडी घालून बसला. ग्रासिएत आदेलिनोला खेटून बसली.

“एक...” बेल्मिराचा आवाज चिरकला. तिने खाली द्राक्षांकडे बघितलं, पाय जरा रुतवून पाहिला, आणि पुन्हा सुरू केलं. “एक... दोन! डावा... उजवा!”

पाय उचलले गेले, पडले. हौदातून तो ओला, जड आवाज आला.

“‘दोन’ लांबवतेय,” आदेलिनो पुटपुटला.

“लांबवू दे.”

“फळ घट्ट असेल खाली. म्हणून लांबवत असेल.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “बरोबर आहे. घट्ट असलं की लांबवायलाच हवं. मी नसतं लांबवलं. मला कळलंच नसतं.”

तो मान ताठ ठेवून हौदाकडे बघत होता, डोळे भरून आले होते आणि ते तो पुसतही नव्हता. माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट उत्तम केली असली की ती दुसऱ्याला तितकीच उत्तम करताना बघणं सोपं नसतं. त्याने ते पुरतं बघितलं.

“आदेलिनो,” ग्रासिएत हळूच म्हणाली, “तुझा पाय.”

“काय झालं? पट्टी सुटली?”

“नाही. बघ तरी.”

त्याने खाली बघितलं. कापडी जोड्यातला पाय बेल्मिराच्या हाळीवर उचलला जात होता आणि टेकत होता, उचलला जात होता आणि टेकत होता, तिच्या लांबलेल्या ‘दोन’वर थांबून, अगदी अचूक. त्याला यातलं काहीच जाणवत नव्हतं. तो त्या पायाकडे बघत राहिला, आणि त्याने तो थांबवला नाही.